आमच्या घराचा वास

पडद्यावर माझी आई होती. छतापासून स्टेजपर्यंत पसरलेली. तिच्या पदराशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मिलिए कमलाबाई से’.

माझ्या आईचं नाव वैशाली आहे.

विद्यापीठाचं सभागृह गच्च भरलं होतं. बीबीएची तिन्ही वर्षं, झाडून सगळे शिक्षक, आणि पहिल्या रांगेत परीक्षक म्हणून बोलावलेले शहरातले उद्योजक. एसी असा की पोरी ब्लेझरची बटणं लावून बसलेल्या. स्टेजवर आमच्या टीमची लीडर कनिष्का आणि तिच्याशेजारी ध्रुव. मी टीममध्ये असूनही खाली. ते दोघं बोलणार, मी ‘बॅकएंड’. म्हणजे उन्हातान्हात सर्व्हे मी केला, टायपिंग मी केलं, आकृत्या मी काढल्या. शेवटच्या स्लाइड मात्र मला दाखवल्या नव्हत्या. कनिष्का म्हणाली होती, ‘सरप्राइज़ है यार.’

आमच्याकडे मार्केटिंगमध्ये एक गोष्ट शिकवतात. तिला पर्सोना म्हणतात. वस्तू विकायच्या आधी एक ग्राहक कल्पून घ्यायचा. त्याला नाव द्यायचं, वय द्यायचं, चेहरा द्यायचा. तो काय खातो, कशाला घाबरतो, रात्री कसला विचार करतो, सगळं लिहायचं. मग त्याला काय विकायचं ते ठरवायचं. हा ग्राहक मनानं रचायचा असतो. आमच्या टीमनं रचायचे कष्ट घेतले नाहीत. सरळ माझी आई उचलली.

आमची वस्तू होती एका खोलीच्या घरांसाठी सुगंधाची छोटी पुडी. खिळ्याला टांगायची. कल्पना ध्रुवची.

त्यानं रिमोट दाबला. आईच्या फोटोशेजारी एकेक ओळ उगवत गेली. राहते, नदीकाठच्या गल्लीत. काम, साड्यांना फॉल-पिको. स्वप्न, मुलगी ऑफिसात जावी. आणि शेवटी लाल रंगात, अडचण, घरातला वास.

ध्रुव म्हणाला, ‘सर, इंटरेस्टिंग बात ये है कि कस्टमर को खुद ये प्रॉब्लम पता ही नहीं है. शी इज़ यूज़्ड टू इट.’

लोक हसले. दुष्टपणे नाही हसले. कुणी हुशारीचं बोललं की वर्गात हसतात ना, तसं हसले. मला त्याचाच जास्त राग आला, आजही येतो.

पहिल्या रांगेतल्या एका परीक्षकांनी विचारलं, ‘ये घर रियल है?’

कनिष्का म्हणाली, ‘जी सर, हम खुद गए थे. प्राइवेसी के लिए नाम चेंज किया है.’

नाव बदललं होतं. चेहरा तसाच ठेवला होता, हत्तीएवढा. पण फोटोत आणखी एक गोष्ट बदलली होती, ती माझ्या हळूहळू लक्षात आली. आईच्या मागच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आहे, आमच्या गल्लीत घरोघरी असते ती. ती पुसट केली होती. तिथं नुसता निळा डाग दिसत होता. मी नंतर कनिष्काला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘वो पॉलिटिकल लगता न, डिस्ट्रैक्ट करता.’ म्हणजे झाकायचं काय आणि दाखवायचं काय, याचा विचार त्यांनी केला होता. नीट बसून केला होता.

परीक्षक म्हणाले, ‘वेरी सेंसिटिव वर्क.’ टाळ्या पडल्या.

मग कनिष्कानं माझ्याकडे बोट केलं. ‘सर, इनकी डॉटर हमारी टीम में ही है.’

सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. आमच्या मार्केटिंगच्या मॅम बाजूला माइक घेऊन उभ्या होत्या. त्या मराठीत म्हणाल्या, ‘ये गं बाळा, वर ये. दोन वाक्यं बोल फक्त. ग्राहकाचा आवाज ऐकू दे सगळ्यांना.’

शेजारच्या मुलीनं पाय आखडून वाट करून दिली. मी गेले. का गेले म्हणाल तर मॅमनी बोलावलं म्हणून. शाळेपासून तेवढंच शिकवलेलं. माइक हातात आला. परीक्षक हसऱ्या तोंडानं म्हणाले, ‘बेटा, बाहर से घर में आती हो तो फील होता है? स्मेल?’

 माइकमधून फक्त माझा श्वास ऐकू येत होता. मागून कुणीतरी इंदुरी ढंगात ओरडलं, ‘अरे बोल दे भिया, आज तो परफ्यूम लगा के आई है.’ पुन्हा हशा. मॅमनी माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि म्हणाल्या, ‘शी इज़ इमोशनल.’ पुन्हा टाळ्या.

आमची टीम पहिली आली.

मॅमचं मराठी ऐकून मला काय वाटलं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. पहिल्या वर्षी, अगदी पहिल्या आठवड्यात, मी कॉलेजच्या पॅसेजमध्ये आईशी फोनवर बोलत होते. मॅम जाता जाता थबकल्या. चेहरा एकदम खुलला. ‘अगं, मराठी का तू? कुणाची गं?’ त्यांचं घराणं इथं संस्थानाच्या काळापासूनचं. सुंदर मराठी बोलतात. इंदुरात असं मराठी कानावर पडत नाही, आमचं तर निम्मं हिंदीच असतं. मला फार बरं वाटलं. या बायपासवरच्या काचेच्या इमारतीत कुणीतरी आपलं निघालं म्हणून.

त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मूळचे कुठले, विचारलं. मी म्हटलं, खानदेशातले, पणजोबा मिलमध्ये कामाला आले होते. मॅमनी घड्याळ बघितलं. मग म्हणाल्या, ‘अच्छा. चलो, क्लास में जाओ, लेक्चर शुरू हो रहा है.’

त्या दिवसापासून मॅम माझ्याशी हिंदीत बोलतात.

इंदुरात मराठी म्हटलं की लोकांना दोनच जाती ठाऊक. पंडित, नाहीतर सरदार मराठे. आम्ही तिसरे. आमच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नसतं, आणि ज्यांना असतं ते भाषा बदलतात. बीबीएच्या सगळ्या सेमिस्टरमध्ये मॅमच्या तोंडून मला उद्देशून एक मराठी शब्द आला नव्हता. तो आला तो त्या स्टेजवर. ‘ये गं बाळा.’ माझा उपयोग होता तेव्हा मी मराठी झाले.

आणि त्या फोटोचं सांगते. तो चोरून काढलेला नव्हता, हेच तर दुःख आहे. आमच्याकडे प्रोजेक्टचं काम आळीपाळीनं एकेकाच्या घरी करायची पद्धत आहे. कनिष्काकडे झालं, तिथं वरच्या मजल्यावर वेगळी स्टडी रूम. ध्रुवकडे झालं, तिथं स्वयंपाकीण येऊन सँडविच ठेवून गेली. मग कनिष्का म्हणाली, ‘अब तेरे घर.’ मी टाळत होते. तिनं धोशाच लावला. मला वाटलं, मैत्रीण आहे.

आमचं घर छत्रीबागेच्या मागं, नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत. एक खोली, पुढं ओटा. आई, बाबा, मी. आईनं सकाळपासून घर लख्ख केलं होतं. साबुदाण्याची खिचडी केली, शेजारून काचेचे ग्लास आणले. ठेवणीतली साडी नेसली. कनिष्कानं पाण्याला हात लावला नाही, तिच्या बॅगेत बाटली होती. ध्रुवनं खिचडी चिवडली. पण कनिष्का आईजवळ बसून बोलत राहिली. आंटी, मच्छरांना काय लावता? आंटी, पावसात ओल येते का? कपडे कुठं वाळवता? अगरबत्ती कधी लावता, सकाळी की संध्याकाळी? आई खुलून सांगत होती. मध्येच कनिष्का म्हणाली, ‘आंटी, एक फोटो.’ आईनं पदर सारखा केला आणि शिवणयंत्राशेजारी बसून हसली.

ते गेल्यावर आई म्हणाली, ‘किती चौकशी करते गं ती लड़की. मोठ्या घरची असून घमंड नाही बिलकुल.’

आमची आई माणसं ओळखण्यात कच्ची नाही. पण माणूस चौकशी करतोय की माप घेतोय, हे कळायला बीबीए करावं लागतं. तिनं केलेलं नाही.

स्पर्धेचं मी घरी काही सांगितलं नाही. फक्त पहिली आलो म्हटलं. बाबा लोडिंग रिक्षा चालवतात, ते येताना मल्हारगंजातल्या मिठाईवाल्याकडून मावा घेऊन आले. मी खाल्ला.

विद्यापीठात एक मीडिया सेल आहे. त्यांनी कार्यक्रमाची रील बनवून टाकली. मागं दणदणीत संगीत, टाळ्या, मग पडद्यावर आई, मग ध्रुवचं ते वाक्य, मग मी माइक धरून मुकी. शेजारच्या पोरीनं ती रील कौतुकानं आईला दाखवली. आई मला एवढंच म्हणाली, ‘फोटो चांगला आलाय गं माझा.’ मी म्हटलं, ‘हो.’ विषय संपला असं मला वाटलं.

चार दिवसांनी कॉलेजातून आले तर ओट्यावर घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण टाकलेलं. पडदे धुवून टाकलेले. पत्र्याच्या पेट्या बाहेर काढून पुसलेल्या. दिवाळी नाही, काही नाही. आत गेले. आई जमिनीवर बसली होती, बाबांची उशी तिच्या हातात होती आणि ती तिच्यात नाक खुपसून वास घेत होती.

मला बघून दचकली. मग म्हणाली, ‘तू आत्ता बाहेरून आलीस ना? सांग बरं, येतो का वास? मला तर कळतच नाही.’

मी म्हटलं, नाही येत.

‘खरं सांग. सवय झाली की कळत नाही म्हणे माणसाला.’

ध्रुवचं वाक्य. पडद्यावरचं वाक्य माझ्या आईच्या तोंडात येऊन बसलं होतं. ती बाई मी जन्मल्यापासून रोज दोनदा फरशी पुसते. नदीत सगळ्या शहराची गटारं येतात, उन्हाळ्यात वारा आला की वास येतो, तो काय आमच्या उशीतून येत नाही. हे तिला ठाऊक होतं. आयुष्यभर ठाऊक होतं. तीन मिनिटांच्या प्रेझेंटेशननं तिच्याकडून ते काढून घेतलं.

मग तिनं आणखी एक सांगितलं. स्नेहलतागंजच्या एक बाई वर्षानुवर्षं साड्या आणून देतात. रीलनंतर त्या आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, ‘भाभी, साड़ी देने के पहले थोड़ी धूप में रख देना.’ हसत म्हणाल्या. आईही हसली. आणि त्या बाई गेल्यापासून आई शिवून झालेली प्रत्येक साडी नाकाला लावून बघत होती. दुसऱ्यांच्या साड्या. आपल्या घरात. चोरासारखी.

माझ्या अंगाची आग आग झाली. स्टेजवर मला लाज वाटली होती. खरंच लाज वाटली होती, खोटं कशाला बोलू. आपण गरीब, आपलं घर लहान, आपली गल्ली घाण, अशी लाज. आईच्या हातातली उशी बघून ती गेली. तिच्या जागी जे आलं त्याला राग म्हणणंही कमी आहे. मला दिसलं की हे लोक मला हेच शिकवत होते. दोन वर्षं मी हेच पाठ करत होते, यावर मार्क मिळवत होते. माणसाला त्याच्या घराची शिसारी आणायची आणि मग त्याला पुडी विकायची. हा धडा मी वहीत अधोरेखित करून ठेवला होता.

त्याच आठवड्यात मॅमचा फोन आला. मला नाही. आईला. नंबर कनिष्कानं दिला असणार. आईनं फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. ‘तुझ्या मॅम होत्या. काय शुद्ध बोलतात गं. मला वैशालीताई म्हणाल्या.’

पुढची फेरी होती. मोठ्या कंपनीचे लोक येणार होते, त्यातूनच पुढं नोकऱ्यांसाठी नावं निवडली जाणार. मॅमना वाटत होतं की आईनंच स्टेजवर यावं. ध्रुव पुडी देईल, आई ती खिळ्याला टांगेल आणि म्हणेल, आता छान वाटतं. बस, एवढंच.

मी म्हटलं, ‘तू जाणार नाहीस.’

आई म्हणाली, ‘दोन मिनिटं उभं तर राहायचंय. तुझे मार्क आहेत त्यात. मी काय मरते का?’

‘तू जाणार नाहीस, आई.’

‘मॅमना हो म्हटलंय मी. लोक घरी येऊन बघून गेलेत, आता काय लपवायचं?’ असं म्हणून तिनं ती ठेवणीतली साडी काढली. आधी वास घेतला. मग इस्त्री तापायला ठेवली.

बाबा ओट्यावर बसून ऐकत होते.  मला म्हणाले, ‘तुला जे करायचंय ते कर. मी आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. सर होते, मॅम होत्या, कनिष्का लॅपटॉप उघडून बसली होती.  

मी मॅमना मराठीत म्हटलं, ‘माझी आई येणार नाही. तिचा फोटो स्लाइडमधून काढा. ती रील पण काढा.’

मॅम मराठीतच म्हणाल्या, ‘अगं, त्या तयार आहेत. तू का मध्ये येतेस? त्यांचा गौरव होतोय त्यात.’

‘मॅम, तुमच्या आईचा फोटो आहे का तुमच्या फोनमध्ये?’

‘म्हणजे?’

‘तो लावा पडद्यावर. खाली लिहा, यांच्या घरात वास येतो, यांना कळत नाही. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवू. गौरव होईल.’

मॅमचा चेहरा पांढरा पडला. मग त्या हिंदीवर आल्या. ‘सर, देख रहे हैं आप? इन लोगों को प्लेटफॉर्म दो तो यही होता है.’

‘इन लोगों को.’ पहिल्या वर्षी पॅसेजमध्ये मॅमनी जे गिळलं होतं ते शेवटी बाहेर आलं. मी सरांकडे बघितलं. सर पेपरवेट फिरवत होते. ते शब्द त्यांनी ऐकलेच नाहीत असं त्यांनी दाखवलं. म्हणाले, ‘देखो, टीम का नुकसान मत करो. मैडम से सॉरी बोलो और बात खत्म करो. वरना प्रोजेक्ट में ज़ीरो जाएगा, सब्जेक्ट रिपीट करना पड़ेगा. प्लेसमेंट में भी नहीं बैठ पाओगी.’

मी म्हटलं, ‘दीजिए ज़ीरो. सॉरी नहीं बोलूँगी.’

कनिष्का माझ्यामागे पॅसेजमध्ये आली. तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. ‘यार, मैं तो तेरी हेल्प कर रही थी. पोस्टर पे तेरा भी नाम है. तेरी मम्मी इतनी स्वीट हैं.’ तिला काहीही कळलेलं नव्हतं. मी तिला समजावत बसले नाही. ते काम माझं नाही.

घरी जाऊन आईला सांगितलं, जायचं नाही, मी मॅमना नकार देऊन आले. ती माझ्यावर चिडली. माझं एक वर्ष वाया गेलं म्हणून रडली.  ‘एवढ्याशा गोष्टीसाठी,’ म्हणत राहिली. मी ऐकून घेतलं. तिला ती गोष्ट एवढीशी वाटावी, यासाठीच तर तिला एवढं मोठं करून पडद्यावर लावलं होतं.

रील एका दुपारी गुपचूप उतरली. कुणी माफी मागितली नाही. पुढच्या फेरीत त्यांनी दुसऱ्याच कुठल्या बाईचा फोटो लावला असं ऐकलं. कनिष्का आणि ध्रुव दोघांना नोकऱ्या लागल्या. मला शून्य मिळालं.

आणि आई अजून साड्यांचा वास घेते. माझी पाठ वळली की घेते. मला वाटलं होतं महिन्याभरात विसरेल. नाही विसरली. हे मी त्यांना कधीही माफ करणार नाही. वेळ गेला की राग निवतो असं मला सांगू नका. मला तो निवू द्यायचा नाही.

यंदा मी तोच विषय पुन्हा देतेय, माझ्यापेक्षा लहान मुलांच्या वर्गात. शिकवायला त्याच मॅम आहेत. माझ्याशी त्या आता हिंदीतही बोलत नाहीत. दोन-चार जण मला सांगून गेले की सोड हे कॉलेज, दुसरीकडे घे ॲडमिशन. मी सोडणार नाही. मी पहिल्या बाकावर बसते, बरोबर मॅमच्या समोर. परवा त्यांनी पर्सोनाचा धडा काढला आणि मुलांना सांगितलं की आपल्या आसपासची खरी माणसं शोधा, फोटो घेऊन या. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीनं मान खाली घातली. कोणत्या गल्लीतून येते ती, मला ठाऊक नाही. ते मान खाली घालणं मला ठाऊक आहे.

पुढच्या तासाला फोटो येतील. पहिला फोटो पडद्यावर लागला की मी उभी राहणार आणि मराठीत विचारणार, या बाईला विचारलंत का? काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवलंत का? उत्तर आलं नाही तर मी खाली बसणार नाही. वर्ग चालला नाही तर न चालू दे. पुन्हा शून्य दिलं तर पुन्हा हाच विषय घेईन. मी इथंच आहे.